ज्या डावाला तोड नाही

अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात एक प्रसंग इतका ठरलेला असतो, की मुरलेले पालक तो येण्याआधीच खुर्च्या पुढे ओढून बसतात. तिसऱ्या बेसवर एक रनर उभी आहे. बॅटरला चौथा ‘बॉल’ मिळतो, म्हणजे पहिला बेस फुकट. ती बॅट टाकते, दुडक्या चालीने पहिल्या बेसपर्यंत जाते आणि तिथे थांबायचं सोडून तशीच वळून दुसऱ्या बेसकडे सुसाट सुटते. चेंडू पिचरच्या हातात आहे. डगआउटमधून सगळे एकदम ओरडतायत, आई ओरडते आहे, शॉर्टस्टॉप हात हलवते आहे. गोंधळलेली पिचर चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकते. तो हवेत असतानाच तिसऱ्या बेसवरची मुलगी साठ फुटांवरच्या होम प्लेटकडे निघालेली असते. धाव होते. पिचरच्या डोळ्यांत पाणी येतं.

सामना संपला की पार्किंगमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढ्याशा पोरींना फसवून धावा काढणं हे काय शिकवणं झालं? दुसरा म्हणतो, नियमात बसतं ना, मग रडायचं कशाला? पहिला तट भाबडा आहे. दुसरा आज प्रबळ आहे आणि जास्त चुकीचा आहे. या लेखाचं भांडण मुख्यतः त्याच्याशीच आहे. पण त्याचं जे बरोबर आहे ते आधी त्याच्या पदरात टाकायला हवं.

पहिल्या बेसवरून न थांबता धावण्याचा हा डाव नियमाच्या बारीक वाचनातून निघालेला आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरभोवती आठ फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलेलं असतं. पिचर चेंडू घेऊन त्या वर्तुळात उभी असली आणि बॅटर पहिल्या बेसला पोचलेली असली, की बेस सोडलेल्या रनरला घुटमळायची सोय नाही. लगेच पुढे जायचं किंवा मागे फिरायचं, नाहीतर आउट. याला ‘लुक-बॅक’ नियम म्हणतात. पण पहिल्या बेसला पाय लावून सलग पुढे धावणारी मुलगी घुटमळलेलीच नसते, म्हणून ती या नियमाच्या कचाट्यात सापडत नाही. शिवाय पिचरने फेकण्यासाठी हात उचलला, नुसती हूल दिली, तरी बाकीच्या रनर मोकळ्या होतात. तिसऱ्या बेसवरच्या मुलीची नजर त्या हातावरच खिळलेली असते.

आता पिचरच्या बाजूने बघू. तिने करायचं काय? वर्तुळात चेंडू घट्ट धरून उभं राहायचं, तोंड तिसऱ्या बेसकडे, हात खाली. दुसरा बेस जातोय तर जाऊ द्यायचा. पोरी थोड्या तयार झाल्या असतील तर शॉर्टस्टॉपने मधे येऊन फेक अडवायची आणि चेंडू सरळ होमला मारायचा. मधल्या वारी सरावात वीस मिनिटं घालवली तर हा डाव त्या संघावर पुन्हा सहज चालत नाही.

आपल्या तालमीत यासाठी एक नेमका शब्द आहे: तोड. वस्ताद पठ्ठ्याला ढाक शिकवतो, कलाजंग शिकवतो, धोबीपछाड शिकवतो. आणि डावाबरोबर त्याची तोडही शिकवतो. धोबीपछाड खाल्लेला पठ्ठ्या ‘मला फसवलं’ म्हणून आखाड्याबाहेर रडत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तोड घोटवतो.

चकवा आणि लबाडी यांतला फरक याच शब्दात आहे. फसलेल्या मुलाला पुढच्या वेळी न फसण्यासाठी काय शिकावं लागेल, एवढंच विचारायचं. चेंडूवर नजर ठेव, नियम पाठ कर, आपल्या कोचचा इशारा बघ, असं उत्तर आलं तर तो चकवा. पण ‘मोठ्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवू नकोस’, ‘पंच थांब म्हणाले असं वाटलं तरी थांबू नकोस’, ‘कुणी लागून पडलं तरी बघू नकोस’ असं उत्तर आलं, तर तो रडीचा डाव. गल्लीतली पोरं त्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आली आहेत, आणि त्यांच्याजवळ नियमांचं पुस्तक कधीच नव्हतं.

या कसोटीवर भाबड्या तटाची बरीचशी हळहळ गळून पडते. कबड्डीतला चढाईपटू डाव्या पायाची हूल देऊन उजव्या बाजूला हात मारतो. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की ती बदलता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच पळणारा त्याला अंगावर घेऊन ऐन वेळी खांबाआड वळतो. हुलकावणी काढून घेतली तर या खेळांत नुसती पळापळ उरेल. दहा वर्षांच्या मुलांना हूल देण्यातली गंमत शिकवावी लागत नाही, ती त्यांना उपजत असते.

सॉफ्टबॉलमधल्या लपवलेल्या चेंडूचंही तसंच. फर्स्ट बेसवाली ग्लोव्हमध्ये चेंडू दाबून ठेवते आणि रनरने बेस सोडला की तिला टॅग करते. हा डाव सॉफ्टबॉलमध्ये क्वचितच साधतो. एकतर पिच सुटण्याआधी रनरला बेस सोडताच येत नाही. दुसरं म्हणजे चेंडूशिवाय पिचरला पिचिंगचा पवित्रा घेता येत नाही. त्यामुळे सापडते ती बहुधा स्लाइड मारून आलेली आणि पँटवरची माती झटकायला बेसवरून उतरलेली मुलगी. तिची तोड सोपी आहे: पंचांकडे ‘टाइम’ मागायचा, मग माती झटकायची.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये याहून भव्य नाटकं झाली आहेत. १९८२ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये विचिटा स्टेटचा फिल स्टीफन्सन हा बेस चोरण्यात देशात नावाजलेला खेळाडू पहिल्या बेसवर होता. मायामी विद्यापीठाच्या पिचरने पहिल्या बेसकडे चेंडू फेकल्याचा आव आणला. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने झेप घेतली, बाकीचे निसटलेल्या चेंडूमागे धावल्यासारखे उजव्या बाजूला धावले, बाहेर बसलेल्यांनीही बोटं दाखवली. स्टीफन्सन दुसऱ्या बेसकडे निघाला. चेंडू पिचरच्या ग्लोव्हमध्येच होता. हा प्रसंग अजून ‘महाभ्रम’ म्हणून सांगितला जातो, तो कुत्सितपणे नाही, कौतुकाने. स्टीफन्सनची तोड त्याच्या डोळ्यांत होती: चेंडू हातातून सुटलेला दिसल्याशिवाय हलायचं नाही.

इथवर दुसऱ्या तटाशी वाद नाही. वाद सुरू होतो तो ‘नियमात बसतं’ या वाक्याने सगळं भागतं असं तो म्हणतो तेव्हा.

नियमांचं पुस्तक म्हणजे आधी होऊन गेलेल्या लबाड्यांची यादी असते. पुढची लबाडी त्यात नसते, कारण ती अजून कुणाला सुचलेली नसते. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी षटकार हवा होता. कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू सरपटत टाकायला सांगितलं. ते पूर्णपणे नियमात होतं. दोन देशांच्या पंतप्रधानांनी नापसंती दाखवली आणि नियम बदलला, पण त्या दुपारी नियम चॅपेलच्याच बाजूने होता. उलटंही घडतं. क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात नसताना फेकल्याचा आव आणणं २०१७ पर्यंत हुशारीत जमा होतं. त्या साली क्रिकेटच्या कायद्यात ४१.५ हे कलम आलं आणि तेच कृत्य पाच धावांच्या दंडाचं झालं. मार्नस लाबुशेन हा ऑस्ट्रेलियातल्या एका देशांतर्गत सामन्यात त्यात लगेच सापडला. कलम आलं त्या रात्रीत कुणाचं चारित्र्य बदललं नव्हतं. बेसबॉलमध्ये अशी हूल आजही चालते. एकच कृत्य एका मैदानावर गुन्हा आणि शेजारच्या मैदानावर कौशल्य ठरत असेल, तर ‘नियमात बसतं’ हे उत्तर पंचांना पुरेल, मुलांना शिकवणाऱ्याला पुरणार नाही.

युवा सॉफ्टबॉलच्या नियमकर्त्यांनी मात्र काही ठिकाणी ही रेषा नेमकी ओळखली आहे. खोटा टॅग घ्या. बेसवरची खेळाडू हातात चेंडू नसताना ग्लोव्ह खाली आणून टॅग करत असल्याचं भासवते. पूर्ण वेगात आलेली रनर दचकून ऐन वेळी, पावलं न जुळवता, स्लाइड मारते. घोटा मुरगळतो, कधी गुडघा जातो. म्हणून अमेरिकेतल्या शालेय आणि युवा सॉफ्टबॉलमध्ये खोटा टॅग अडथळ्यात धरतात. त्याची तोड काय असती? टॅग दिसला तरी स्लाइड मारायची नाही. म्हणजे खरा टॅग आल्यावर समोरच्या मुलीवर आदळायचं. दुसरं उदाहरण ‘टाइम’चं. पिचरने गडबडून चुकीचं पिच टाकावं म्हणून खेळाडूने किंवा कोचने ‘टाइम’ ओरडणं नियमाने बंद आहे. तो शब्द पंचांचा आहे. तो उसना घेतला की पुढच्या वेळी खरा ‘टाइम’ कुणी ऐकणार नाही.

आता जिथे ही रेषा ओलांडली गेली ते प्रकरण. २०१० साली टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी शहरातल्या एका माध्यमिक शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पाच यार्डांचा दंड राहिला, चेंडू पुढे न्यायला हवा, असं कोच मैदानाबाहेरून ओरडतो. सेंटर चेंडू दोन पायांमधून न देता खांद्यावरून क्वार्टरबॅकच्या हाती देतो. क्वार्टरबॅक उभा राहतो आणि यार्ड मोजत असल्यासारखा चालत प्रतिस्पर्ध्यांच्या ओळीतून पार जातो. समोरची मुलं बाजूला होऊन त्याला वाट देतात. ओळ पार झाली की तो धूम ठोकतो. टचडाउन. जग पोट धरून हसलं आणि कोचच्या कल्पकतेची तारीफ झाली.

त्या व्हिडिओत बचावातल्या मुलांकडे बघावं. त्यांनी चूक केली ती एवढीच, की एक मोठा माणूस ‘काहीतरी चुकलंय’ म्हणाला तेव्हा ती थांबली. शाळेत, रस्त्यावर, प्रयोगशाळेत त्यांना हेच तर शिकवलेलं असतं. या डावाची तोड म्हणजे पुढच्या वेळी मोठ्या माणसाने ‘थांबा’ म्हटलं तरी समोरच्याला आडवा करायचा. अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलच्या अधिकृत नियमविवेचनात फरक नेमका सांगितला आहे. फुटबॉलमध्ये फसवणं चालतं, पण काहीतरी बिघडलंय, चेंडू आता सुरू होणार नाही, असं भासवणारी बोलणी खिलाडूपणाच्या बाहेर जातात आणि बेकायदा ठरतात. स्टीफन्सनला फसवणारे खेळाडू खेळातलंच नाटक करत होते. इथे नाटक खेळ थांबल्याचं होतं.

१९८७ सालच्या बटाट्याची गोष्ट या कुळातली, पण ती मोठ्यांची आणि म्हणून गमतीची. विल्यम्सपोर्ट बिल्स या दुय्यम स्तरावरच्या संघाचा कॅचर डेव्ह ब्रेस्नाहन याने सोललेला बटाटा तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून भिरकावला. फेक चुकली असं समजून रनर होमकडे आला, तर ब्रेस्नाहनच्या हातात खरा चेंडू. पंचांनी धाव दिली, दंड झाला, संघाने त्याला काढून टाकलं, आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने त्याचा ५९ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. किंमत मोजायला तयार असलेल्या सज्ञान माणसाची ती मस्करी होती. बारा वर्षांच्या मुलाला कोच तसला डाव लावायला सांगतो तेव्हा किंमत मोजणारा वेगळा असतो.

बारा वर्षांच्या मुलींकडून काय करून घेता येतं ते २०१५ च्या ऑगस्टमध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला दिसलं. लिटल लीग सॉफ्टबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिशचा संघ तोवर अपराजित होता. पुढची फेरी पक्की झालेली. शेवटच्या गटसामन्यात त्यांनी मुख्य खेळाडू बसवून ठेवल्या, बंटवर बंट, म्हणजे बॅट नुसती टेकवून हलके फटके, मारले आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून ०–८ हरले. या पराभवामुळे गुणांच्या हिशेबात आयोवाचा संघ बाहेर पडत होता, आणि तो तगडा मानला जात होता. आयोवाने तक्रार केली. सामना जिंकण्याच्या इराद्याने खेळला गेला नाही असं ठरवून आयोजकांनी आयोवा आणि वॉशिंग्टन यांच्यात एक निर्णायक सामना लावला. आयोवा ३–२ ने जिंकला.

मुख्य खेळाडूंना विश्रांती देणं नियमात होतं. बंट मारणंही नियमात होतं. सुटं सुटं बघितलं तर एकही कृती आक्षेपार्ह नव्हती. पण या डावाची तोड कुणी करायची? ज्यांच्यावर तो लावला गेला त्या आयोवाच्या मुली त्या वेळी मैदानातच नव्हत्या. आणि ज्या मुलींकडून तो करून घेतला त्यांना कोचचं म्हणणं ऐकण्याची सवय होती. त्यांचा दोष एवढाच.

इथे दुसरा तट हातचं राखलेलं वाक्य काढतो: जग असंच आहे, मुलांना लवकर कळलेलं बरं. हे वाक्य दणकट वाटतं, पण ते मैदानावर कधी उभं राहिलेलं नसतं. दहा वर्षांखालच्या गटात पिचर आणि बॅटर यांच्यात जेमतेम ३५ फूट अंतर असतं. बॅट मुठीतून निसटते, दोघी एकाच झेलासाठी धावतात, कुणाच्या दातावर चेंडू बसतो. अशा वेळी ‘थांब!’ हा शब्द ऐकताक्षणी सगळ्या थांबायलाच हव्यात. मोठ्यांच्या शब्दावरचा भरवसा हा मुलांच्या खेळात हेल्मेटसारखा असतो. जगाचा धडा द्यायचा म्हणून कुठला कोच मुलीचं हेल्मेट काढून घेत नाही.

ही कसोटी लोकभावनेच्या उलटही जाते, तिथेही ती लावायला हवी. २ फेब्रुवारी २०१६ रोजी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात झिम्बाब्वेला शेवटच्या षटकात तीन धावा हव्या होत्या आणि एक गडी शिल्लक होता. वेस्ट इंडीजच्या कीमो पॉलने चेंडू टाकायला येता येता दुसऱ्या टोकाच्या रिचर्ड एन्गाराव्हाच्या यष्ट्या उडवल्या. बॅट रेषेवर होती, आत नव्हती. वेस्ट इंडीज दोन धावांनी जिंकलं, पुढे विश्वविजेतंही झालं, आणि पॉलवर खेळाच्या आत्म्याचा खून केल्याचे आरोप झाले. तोड काय होती? चेंडू सुटेपर्यंत बॅट रेषेच्या आत ठेवायची. कुणावरचाही भरवसा सोडायची गरज नव्हती. सॉफ्टबॉलमध्ये पिच सुटण्याआधी बेस सोडणाऱ्या रनरला पंच सरळ आउट देतात, आणि तिथे कुणाला आत्मा आठवत नाही. ज्यांनी पॉलला शिव्या दिल्या आणि टेक्सासच्या त्या टचडाउनवर टाळ्या पिटल्या, त्यांनी दोन्ही निकाल उलटे लावले.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. सॉफ्टबॉल इथल्या शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत खेळला जातो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलांसाठी दहावी-बारावीला सवलतीचे गुण असतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं. प्रमाणपत्राला एवढं मोल आलं की लबाडीही कागदावर येते. इथला खरा रडीचा डाव मैदानावर दिसतच नाही, तो जन्मतारखेच्या दाखल्यावर असतो. चौदा वर्षांखालच्या गटात सतरा वर्षांचा पिचर उतरला, तर समोरच्या तेरा वर्षांच्या बॅटरने सरावात काय घोटवायचं? ‘सगळेच करतात’ हे त्या दाखल्यामागचं वाक्य आणि ‘नियमात बसतं’ हे अमेरिकेतलं वाक्य एकाच घरचं आहे. दोन्ही मुलाऐवजी मोठ्यांची सोय बघतात.

खिलाडूपणा म्हणजे नियम बाजूला ठेवून दाखवलेलं औदार्य, हा समजही दोन्ही तटांत सारखाच आहे. २६ एप्रिल २००८ रोजी वॉशिंग्टनमधल्या एलेन्सबर्गला वेस्टर्न ओरेगनच्या सारा टुकोल्स्कीने आयुष्यातला पहिला होम रन मारला. आनंदाच्या भरात ती पहिल्या बेसला पाय लावायचा विसरली, परत वळताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि ती रांगत बेसपर्यंत आली. स्वतःच्या संघातल्या कुणी मदत केली तर ती आउट. बदली रनर घेतली तर होम रन जाऊन दोन धावांचा सिंगल उरेल, असं पंचांनी सांगितलं. तेव्हा प्रतिस्पर्धी सेंट्रल वॉशिंग्टनची मॅलरी होल्टमन पुढे आली. तिने पंचांना विचारलं, आम्ही उचलून नेलं तर चालेल? मनाई करणारा नियम नव्हता. होल्टमन आणि लिझ वॉलेस यांनी साराला उचललं आणि एकेका बेसला तिचा डावा पाय टेकवत होमपर्यंत नेलं. सेंट्रल वॉशिंग्टन तो सामना २–४ हरलं.

या गोष्टीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. पंचांचं म्हणणं चुकीचं होतं. होम रननंतर जखमी झालेल्या खेळाडूच्या जागी बदली रनर धावू शकते, अशी तरतूद नियमांत होती. म्हणजे त्या दुपारी मैदानावरच्या एकाला जरी नियम नीट पाठ असता, तरी उचलाउचलीची वेळ आली नसती. होल्टमननेही केलं ते नियमालाच धरून: जे करायचं ते आधी विचारलं, मग केलं.

म्हणून त्या दहा वर्षांच्या पिचरकडे परत जायला हवं. तिच्या कोचने पार्किंगमध्ये भांडायचं नाही आणि तिच्यासाठी तो डाव बंद करून मागायचाही नाही. मधल्या वारी संध्याकाळी तिला वर्तुळात उभं करायचं, तिसऱ्या बेसवर एक मुलगी ठेवायची आणि दुसरीला पहिल्या बेसवरून धावायला सांगायचं, वीस वेळा. पुढच्या शनिवारी चौथा बॉल पडतो, बॅटर पहिला बेस ओलांडून सुटते, डगआउट ओरडतं, आई ओरडते. पिचर तिसऱ्या बेसकडे तोंड करून उभी आहे. तिचा हात खाली आहे, चेंडू ग्लोव्हमध्ये आहे. तिसऱ्या बेसवरची मुलगी एक पाऊल पुढे टाकते, त्या हाताकडे बघते आणि मागे सरते.